९१ व्या वर्षी घरी बीपी किती वेळा मोजावं?

अंगणातली_जाई | ४ डिसेंबर, रात्री १०:१२

सासरे ९१ पूर्ण. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. एसटीच्या वर्कशॉपात ३४ वर्षं काढलेली, त्यामुळे कुठलंही नवं यंत्र घरात आलं की आधी संशयाने बघतात. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी कोरेगावहून आमच्याकडे पुण्याला आले. ऐकायला थोडं कमी येतं, बाकी डोकं तल्लख. पेपर शब्दकोड्यासकट संपवतात.

बीपी गेली वीसेक वर्षं आहे. सकाळी अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४०, रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. दिवाळीआधी दवाखान्यात १७६ निघालं म्हणून क्लोरथॅलिडोनची (लघवी वाढवून बीपी उतरवणारी) गोळी वाढली. त्याच आठवड्यात मोठ्या दिरांनी न्यू जर्सीत बसून ऑनलाइन बीपीचं मशीन आमच्या पत्त्यावर पाठवलं, आणि तेव्हापासून घरात शांतता नाही.

उठल्यावर मोजायचं, चहानंतर मोजायचं, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. वहीत लिहायचं, शिवाय घरच्या ग्रुपवर टाकायचं. १६० च्या वर गेलं की न्यू जर्सीचा फोन, १२० च्या जवळ आलं की सांगलीहून नणंदेचा. परवा मंगळवारच्या नोंदी अशा: सकाळी ७ ला १५२/६६, चहानंतर १७१/७०, अकराला १४४/६०, जेवणानंतर १२२/५४, संध्याकाळी सहाला १६८/६४, रात्री १८१/७२ (तेव्हा बातम्या बघत नातवाशी वाद चालला होता). माणूस एक, दिवस एक!

दीर म्हणतात, अमेरिकेत १२० च्या आत ठेवतात, गोळी वाढवून घ्या. नवरा म्हणतो, मशीनच बोगस आहे. माझी काळजी तिसरीच आहे. गेल्या पंधरवड्यात दोनदा जेवून हात धुवायला उठले आणि बेसिनपाशी झोक गेला. एकदा मी धरलं, एकदा फ्रिजने.

अण्णांना विचारलं तर म्हणतात, "ज्याला काटा नाही ते यंत्र कसलं? आणि गाडी घाट उतरून आल्याआल्या कोणी टायरची हवा मोजतं का?"

तर प्रश्न: दिवसातून किती वेळा मोजावं? यातला कुठला आकडा खरा धरायचा? या वयात किती असलेलं चालतं? ज्यांच्या घरी नव्वदीतली माणसं आहेत त्यांनी कृपया लिहा.

ताकपिठी | ४ डिसेंबर, रात्री १०:४०

अगदी आमच्या घरची गोष्ट. आमच्या आजेसासूबाई ९४ च्या. त्यांना तर पट्टा फुगायला लागला की रडूच यायचं, "हात तोडतंय गं" म्हणायच्या. मग आकडा १९० नाही येणार तर काय. आम्ही शेवटी आठवड्यातून एकदाच ठेवलं. जाणकार लिहितीलच.

शंकेखोर | ४ डिसेंबर, रात्री ११:०५

नवऱ्याशी सहमत. असली मशीन्स कशी मोजतात देव जाणे. डॉक्टर कानाला नळी लावून ऐकायचे ते खरं. शिवाय खालचं ५४ म्हणजे फारच कमी वाटतंय.

गावठी_डॉक्टर | ५ डिसेंबर, सकाळी ६:५०

तालुक्याच्या गावी ४० वर्षं दवाखाना चालवला, आता बंद केला. नेटवर मी औषध सांगत नाही, मोजायचं कसं ते सांगतो.

जाईताई, तुमचे सासरे बरोबर बोलताहेत. गाडी गार झाल्याशिवाय हवा मोजायची नाही. चहानंतरचा १७१ आणि भांडणातला १८१ हे गरम टायरचे आकडे. वहीतून काढायची गरज नाही, पण त्यांच्यावर गोळी ठरवू नका.

शंकेखोर, मशीन बोगसच असेल असं नाही. पट्ट्याची पद्धत रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरची, १८९६ ची. नळी लावून ठोके ऐकायची कोरोटकॉव्ह या रशियन डॉक्टरची, १९०५ ची. आताचं मशीन ऐकत नाही. पट्टा सैल होताना रक्तवाहिनी जी थरथरते ती टिपतं आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढतं. दंडाचं, तपासणीत उतरलेलं मशीन असेल तर घरी पुरेसं आहे. मनगटाचं शक्यतो नको. एकदा डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या आणि त्यांच्या मशीनशेजारी लावून बघा, शंका फिटेल.

आता गार करणं म्हणजे काय. चहा, तंबाखू, तपकीर, चालणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन येऊ द्या, प्रोस्टेटवाल्या माणसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, भरल्या मूत्राशयाने आकडा सहज चढतो. मग पाठ टेकून खुर्चीत, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, पाच मिनिटं गप्प. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आपण मोठ्याने बोलतो आणि तोही मोठ्याने उत्तर देतो, ते त्या वेळी बंद. दंड उघडा, स्वेटरवरून नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी ७-८ अंक फुकटचे वाढतात. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा.

किती वेळा? सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी. पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. मग मशीन कपाटात. पुन्हा डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या आठवड्यात किंवा गोळी बदलली तर काढा. दवाखान्यातलं १४०/९० म्हणजे घरचं साधारण १३५/८५ असं धरतात, घरी माणूस जरा सैल असतो म्हणून.

आणि सुरुवातीलाच दोन्ही दंडांवर एकेकदा मोजा. ज्या हातावर जास्त येईल तोच हात पुढे कायम.

आता माझे दोन प्रश्न. एक, अण्णांच्या दंडाचा घेर किती आणि पट्ट्यावर कुठला आकडा छापलाय? दोन, आणि हा खरा: उभं राहून किती असतं?

अंगणातली_जाई | ५ डिसेंबर, सकाळी ९:२०

डॉक्टरकाका, खूप आभार. उभं राहून कधी मोजलंच नाही. मोजायचं असतं हेच माहीत नव्हतं. दंडाचा घेर आता शिवणाच्या टेपने मोजला: २०.५ सेंमी. पट्ट्यावर २२ ते ३२ लिहिलंय.

गावठी_डॉक्टर | ५ डिसेंबर, सकाळी ९:४५

वाटलंच. म्हातारपणी दंडाचं मांस झडतं, पट्टा मात्र पन्नाशीतल्या माणसाच्या मापाचा येतो. तुमचा पट्टा त्यांना मोठा होतोय, म्हणजे आकडा थोडा कमी दाखवत असणार. फार नाही, तीन-चार अंक. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर उलट होतं आणि तिथे फरक वीस अंकांपर्यंत जाऊ शकतो. लहान पट्टा वेगळा मिळतो, पण त्याच कंपनीचा घ्या, दुसऱ्याचा जोडू नका.

उभं राहून मोजताना शेजारी माणूस हवा. पाच मिनिटं आडवं किंवा बसवून मोजा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. हात तेव्हाही छातीच्या पातळीला, तुम्ही खालून आधार द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते नोंद करण्यासारखं. चक्कर आली तर लगेच बसवा, आकडा राहू दे. सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी जेवणानंतर तासाभराने एकदा, असं तीन दिवस करा.

बर्फातला_कोल्हापूरकर | ५ डिसेंबर, सकाळी १०:३०

मी टोरोंटोहून लिहितोय आणि जाईताईंच्या दिरांच्या बाजूने जरा बोलायचंय. चिडू नका.

माझे वडील ८९, इचलकरंजीला, भाऊ-वहिनी सगळं करतात. मी काय करतो? पैसे पाठवतो आणि आकडे मागतो. इतक्या लांबून बाबांचा चेहरा दिसतो तो रविवारच्या व्हिडिओ कॉलवर अर्धा, उरलेला छताचा पंखा. त्यात रोज सकाळी वहिनीने टाकलेला १४६/७० म्हणजे माझ्यासाठी बाबा आजही उठले, वहिनीने हात धरला, पट्टा बांधला, एवढं सगळं असायचं. आकड्याशी माझं खरं तर काही देणंघेणं नव्हतं.

एकदा वहिनी माहेरी गेली, दोन दिवस आकडा आला नाही, मी रात्री तीनला भावाला फोन करून शिव्या घातल्या. तेव्हा तो एकच वाक्य बोलला, "दादा, त्यांचं बीपी नॉर्मल आहे, तुझं मोज." मग आम्ही ठरवलं, रोज बाबांचा एक फोटो टाकायचा. पेपर वाचताना, भाजी निवडताना, काहीही. बीपी महिन्यातून एकदा. दिरांना हे सुचवून बघा. मी अजून वापरतोय.

दशमी | ५ डिसेंबर, दुपारी १:१५

हा धागा दोन वर्षांपूर्वी निघायला हवा होता.

आई ८७. मी नोकरी करून सगळं शिस्तीत ठेवलेलं. बीपीची वही इतकी नेटकी की डॉक्टर इतर पेशंटना दाखवायचे. बसून १३०-१३५, कधी १२८. मला अभिमानच होता. पहाटे तीनला बाथरूमला म्हणून उठली, दोन पावलं गेली आणि पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन, पंधरा दिवस हॉस्पिटल, मग वॉकर. ती घरातल्या घरात गाणी म्हणत फिरणारी बाई होती. आता फिरत नाही.

हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, उभं राहिल्यावर बीपी किती असतं? तोवर कोणी विचारलं नव्हतं आणि माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. त्यांनी मोजलं: बसून १३२, उभं राहून ९८.

वहीतला एकही आकडा चुकीचा नव्हता हो.

ताकपिठी | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

दशमी, काय लिहू. आईंना नमस्कार सांग.

शंकेखोर | ५ डिसेंबर, दुपारी ४:००

दशमीताई, वाईट वाटलं. डॉक्टरसाहेब, पण मग दीर म्हणतात ते १२० आलं कुठून? आणि आपल्याकडे तर जुनी माणसं म्हणायची, शंभर अधिक वय. त्या हिशेबाने अण्णांचं १९१ हवं!

गावठी_डॉक्टर | ५ डिसेंबर, रात्री ८:१०

शंभर अधिक वय हे आम्हालाही शिकवणारे होते. ते चूक ठरलं आणि चांगल्या पद्धतीने ठरलं. ८० च्या पुढच्या लोकांना बीपीची गोळी द्यावी की न द्यावी हा वाद बरीच वर्षं होता. काही जण म्हणत, या वयात वाहिन्या ताठ, मेंदूला रक्त पोचायला दाब लागतोच, कशाला कमी करता. मग युरोप, चीन वगैरे मिळून ३,८४५ लोकांवर एक चाचणी झाली, हायव्हेट नावाची, २००८ मध्ये छापून आली. सगळे ८० च्या पुढचे, वरचा आकडा १६० किंवा जास्त. अर्ध्यांना इंडापामाइड, लागलं तर पेरिंडोप्रिल, बाकीच्यांना खोटी गोळी. गोळीवाल्यांमध्ये मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी, पक्षाघातही कमी. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. तेव्हा नव्वदीत बीपी सोडून द्यायचं असतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

पण त्या चाचणीत गाठायचं काय होतं? १५०/८०. एकशेवीस नव्हे.

१२० आलं अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीतून, २०१५ ची. त्यात ७५ च्या वरचे २,६३६ जण होते आणि त्यांनाही फायदा दिसला, हे मान्य करावंच लागेल. दिरांनी काही हवेतून काढलेलं नाही. फक्त त्यात कोण नव्हतं ते बघा: मधुमेही नव्हते, आधी पक्षाघात झालेले नव्हते, वृद्धाश्रमातले नव्हते, आणि उभं राहिल्यावर ज्यांचं ११० च्या खाली जायचं तेही नव्हते. मोजायचे ते माणसाला खोलीत शांत बसवून, स्वयंचलित मशीनवर, बऱ्याच ठिकाणी खोलीत कोणी नसताना. चहा पिऊन नातवाशी भांडताना नाही. तो १२० आणि तुमच्या घरातला १२० एक नव्हे.

युरोपातल्या २०२३ च्या सूचनांत ८० च्या पुढे आधी १४० ते १५० च्या दरम्यान आणा, सोसलं तर आणखी खाली, असं म्हटलंय. "सोसलं तर" या दोन शब्दांत सगळं म्हातारपणाचं औषधशास्त्र आहे. चालतो-फिरतो, आपलं आपण करतो असा ८२ चा माणूस आणि खुर्चीतून उठायला दोन हात लागतात असा ८२ चा माणूस, यांना एकच आकडा लावणारा डॉक्टर मला तरी पटत नाही.

खालच्या आकड्याबद्दल. तरुणपणी महाधमनी रबरासारखी असते. हृदयाने रक्त ढकललं की ताणते आणि मधल्या वेळात परत आकसून दाब टिकवते. नव्वदीत ती जीआय पाइप झालेली असते. म्हणून वरचा चढतो आणि खालचा पडतो, १६८/६४ हे या वयाचं नेहमीचं चित्र. यातली अडचण अशी की वरच्याला हाणायला गोळी वाढवली तर खालचाही आणखी उतरतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांना रक्त मिळतं ते मुख्यतः त्या खालच्या वेळात. म्हणून हळूहळू, एका वेळी एकच बदल.

निसर्गस्नेही | ६ डिसेंबर, सकाळी ७:३०

गोळ्यांच्या नादी कशाला लागता. सकाळी लसणीच्या दोन पाकळ्या, अर्जुनसालीचा काढा, ज्येष्ठमधाचा तुकडा चघळायला आणि साध्या मिठाऐवजी सैंधव. माझ्या काकांचं सहा महिन्यांत उतरलं.

गावठी_डॉक्टर | ६ डिसेंबर, सकाळी ८:०५

लसूण चटणीत खा, छान लागते. पण ज्येष्ठमध रोज चघळला तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हे पक्कं आहे. घशासाठी एखाददिवस वेगळं. सैंधव हेही सोडियमच, रंग गुलाबी असला तरी. आणि "लो सोडियम" म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टन घेणाऱ्याने, त्यातून किडनी थकलेली असेल तर, न विचारता घेऊ नये.

वाढवणाऱ्या वस्तू शोधायच्याच असतील तर औषधाच्या डब्यात शोधा. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी, नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी. कित्येक घरांत एका हाताने बीपीची गोळी आणि दुसऱ्या हाताने ही.

माडबनातला | ६ डिसेंबर, सकाळी ११:२०

आमच्या सिंधुदुर्गात उपकेंद्रात महिन्याला मोजून गोळ्या फुकट देतात. सरकारने उच्च रक्तदाबाचा कार्यक्रम काढला तेव्हा राज्यातल्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा होता, साताराही होता. आमची आजी ९० ची, सिस्टर घरी येते. सिस्टर अंगणात दिसली की आजी आधी तिला कोकम सरबत करून देते, मग तिच्या गप्पा ऐकत ऐकत बीपी मोजून होतं. म्हणजे तुमच्या नियमाने सगळंच चूक. 😄 पण आजी खूश असते.

पाटावरवंटा | ६ डिसेंबर, दुपारी १२:००

आमच्या मशीनवर आईचं मोजताना हृदयाचं चित्र लुकलुकतं आणि लागोपाठ तीनदा मोजलं की १३८, १६१, १४५ असं काहीही येतं. मशीन बदलू का?

गावठी_डॉक्टर | ६ डिसेंबर, दुपारी १२:३०

मशीन नको, ईसीजी काढा, लवकर. ते चित्र ठोके अनियमित असल्याचं आहे. दरवेळी तसं असतंच असं नाही, पण म्हातारपणी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, बऱ्याच जणांना होतो, कित्येकांना कळतही नाही, आणि त्यातून गुठळी मेंदूत जाऊ शकते. त्यावरचं औषध बीपीच्या गोळीपेक्षा वेगळं असतं. प्रत्येक ठोका वेगळ्या जोराचा असेल तर मशीन गोंधळणारच, म्हणून अशा माणसाचं तीनदा मोजून सरासरी घ्यायची.

ताकपिठी | ६ डिसेंबर, दुपारी ३:४५

एक भीतीचा प्रश्न. रात्री अचानक १८०-१९० दिसलं तर काय करायचं? आमच्याकडे पूर्वी जिभेखाली कॅप्सूल फोडायचे.

गावठी_डॉक्टर | ६ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

ती निफेडिपिनची कॅप्सूल. मीही नव्वदच्या दशकात फोडल्या आहेत, पुष्कळ. आकडा झपकन खाली यायचा, नातेवाईक खूश, मी खूश. त्या झपकन उतरण्यानेच काहींना पक्षाघात आणि हार्ट अटॅक आले हे नंतर कळलं. माझ्या हातून कोणाचं झालं का, सांगता येणार नाही. आता कोणी करत असेल तर हात धरा.

१८० दिसलं तर आधी माणूस बघा. छातीत दुखतंय का, धाप लागलीय का, तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड, दिसायला अचानक कमी? यातलं एक जरी असलं तर पुन्हा मोजत बसायचं नाही, १०८ लावा. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. यातलं काही नसेल तर पाठ टेकून बसवा, लघवीला नेऊन आणा, अर्ध्या तासाने मोजा. बहुतेक वेळा उतरलेलं असतं. नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. आपल्या मनाने जास्तीची गोळी द्यायची नाही.

अंगणातली_जाई | १३ डिसेंबर, रात्री ९:३०

आठवडा पूर्ण. लहान पट्टा मागवला, चार दिवसांनी आला. खाली दिलेले त्याच्यानेच घेतलेले आकडे, म्हणून तीनच दिवसांचे आहेत.

बसून, सकाळची सरासरी १५८/६६, संध्याकाळची १५४/६४. म्हणजे १८१ चा राक्षस निव्वळ बातम्यांचा होता. पण पट्टा बदलल्यावर आकडे थोडे वरच गेले, त्यावर दीर लगेच "मी म्हणत होतो."

आता उभं राहून. सकाळी १५८ चं एका मिनिटाने १३४, तीन मिनिटांनी १३६. दुपारी जेवणानंतर तासाभराने बसूनच १२६, आणि उभं केल्यावर १०२/५०. त्या वेळी अण्णा म्हणाले, "पोरी, दिवे गेले का?" दिवे होते. मी आणि ह्यांनी धरून बसवलं. दोन मिनिटांत ठीक.

हा आकडा ग्रुपवर टाकला. न्यू जर्सीहून फोन आला नाही, मेसेज आला नाही. तासाभराने दिरांनी लिहिलं, "अण्णांना काठी घेऊन दे."

गावठी_डॉक्टर | १३ डिसेंबर, रात्री १०:००

उद्याच वही घेऊन जा. मनाने एकही गोळी बंद करू नका, पण रात्रीच्या प्रोस्टेटच्या गोळीसकट सगळ्या पाकिटांची पिशवी न्या. ती गोळीही उभं राहिल्यावर दाब पाडू शकते, बीपीच्या यादीत कोणी तिला धरत नाही. नवी गोळी लघवीची आहे, रक्तातलं सोडियम तपासलं का विचारा. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं, तरुण शरीर सावरून घेतं, या वयात सावरायला उशीर होतो. दोन तासांत २० ने पडणं याला नावसुद्धा आहे, तुमची बेसिनची गोष्ट बहुधा तीच.

तोवर: ताटावरून उठायची घाई नाही, तस्त द्या जागेवर. उठण्याआधी बसल्याबसल्या पावलं वर-खाली दहा-वीसदा. रात्री पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं, आणि लघवीचं भांडं उशाशी.

दशमी | १३ डिसेंबर, रात्री १०:२०

भांडं नक्की ठेवा. आई लाजायची म्हणून आम्ही ठेवलं नव्हतं.

अंगणातली_जाई | २८ डिसेंबर, दुपारी ४:१०

उशिरा लिहितेय, घरात धावपळ होती.

डॉक्टरांनी वही नीट बघितली. उभं राहिल्याचा रकाना बघून चष्मा काढून पुन्हा बघितला. रक्त तपासलं, सोडियम १२९ आलं. १३५ च्या पुढे हवं म्हणे. लघवीची गोळी त्याच दिवशी बंद. आणि मला बोलणी बसली, कारण महिनाभर मी त्यांना पूर्ण अळणी घालत होते, पापड-लोणचं तर सोडाच, आमटीतही मीठ नाही. अण्णा निमूट खात होते, फक्त एकदा म्हणाले होते, "चव कुठे ठेवलीस?" त्यांना वाटलं तोंडाचीच चव गेली. आता आमटीला बेताचं मीठ आहे, लोणचं पूर्वीसारखं रोज नाही. आठवड्याने पुन्हा तपासलं, १३४.

प्रोस्टेटची गोळी त्या डॉक्टरांशी बोलून बदलली. दुपारचं जेवण अर्धं केलं आणि चारला पुन्हा थोडं देते, पोळी-भाजी किंवा थालीपीठ. बाकी बसून १५० च्या आसपास राहिलं तरी चालेल, मला ते उभे हवेत, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत झोक गेलेला नाही.

दिरांशी डॉक्टरांनीच फोनवर बोलून घेतलं. कोल्हापूरकरदादा, तुमचा फोटोचा उपाय लावलाय. पहिला फोटो पाठवला तो अण्णा मशीनचा पट्टा उलगडून आतली रबरी पिशवी तपासताना.

शंकेखोर | २८ डिसेंबर, सायंकाळी ५:००

छान बातमी. आता मशीनबद्दल अण्णांचं मत काय?

अंगणातली_जाई | ३१ जानेवारी, रात्री ८:४५

वर शंकेखोरांनी विचारलं होतं ते राहूनच गेलं. काट्याचा मुद्दा त्यांनी सोडलेला नाही. पण वही आता त्यांच्याकडे आहे. आम्ही आखलेले रकाने खोडून वर्कशॉपच्या नोंदवहीसारखे स्वतःचे आखलेत: तारीख, वेळ, बसून, उभं, आणि शेवटचा रकाना "गार / गरम". या महिन्यात फक्त तीन दिवस मोजलं. आजची नोंद १४८/६४, उभं १३२, गार. त्याखाली लाल पेनाने लिहिलंय: "पुढील तपासणी फेब्रुवारीअखेर. मध्ये कोणी विचारू नये."